मुंबईत नवी जागा भाड्याने घेताना

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, बॅकबेच्या किनाऱ्यावर मच्छीमार नगर म्हणून कोळ्यांची वस्ती आहे. संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात, आणि त्यांच्या डोक्यावर पंधराव्या-विसाव्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून एकेक दिवा उजळू लागतो. खाली एका खोलीत दोन-दोन संसार दाटीने नांदतात. वर मात्र काही खिडक्या रात्र झाली तरी अंधाऱ्याच राहतात. घरासाठी जेथे माणूस वणवण हिंडतो, तेथेच बांधून तयार झालेल्या घरांना कुलपे का असावीत, हा प्रश्न तेथून जाणाऱ्या कोणालाही पडावा असा आहे.

अशा वस्तीतील एका घराची कल्पना करावी. बापाची होडी आहे; आई ससून डॉकवर पहाटेच्या लिलावात माल घेऊन बाजारात विकते; थोरला मुलगा शिकून नरीमन पॉइंटकडील एका कचेरीत नोकरीला लागला आहे. त्याचे नुकतेच लग्न झाले. पोटमाळ्यावर संसार थाटणे शक्य नाही, आणि विकत घर घेणे तर स्वप्नातही परवडणारे नाही. तेव्हा नव्या इमारतीतील लहानसा ब्लॉक भाड्याने पाहावा, असा नवराबायकोंचा विचार ठरतो. हाच विचार आज दादरच्या कारकुनाच्या, परळच्या परिचारिकेच्या आणि गिरगावातील प्राध्यापकाच्या घरीही चाललेला असतो. म्हणून या जोडप्याला वाटेत काय काय भेटते, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. कुलाबा हे एके काळी स्वतंत्र बेट होते, व त्याचे नावच कोळ्यांवरून पडले असे मानणारे पुष्कळ आहेत. 1838 मध्ये कॉजवे बांधून ते मुंबईला जोडण्यात आले. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्यावर भर घातली, आणि ट्रस्टच्या कारभाऱ्यांपैकी कफ या साहेबांचे नाव त्या रस्त्याला मिळाले. पुढे 1920 च्या सुमारास बॅकबे बुजविण्याची मोठी योजना निघाली. आठ खंड भरावयाचे होते, ते चारच भरले. खर्च मात्र अफाट वाढला. त्या कारभाराचे वाभाडे वीर नरीमन यांनी काढले, त्यांच्यावर बेअब्रूचा खटला झाला, आणि त्यातून ते निर्दोष सुटले. उरलेल्या खंडांपैकी बराच भाग स्वातंत्र्यानंतर भरला गेला व त्यावर नरीमन पॉइंट आणि कफ परेड यांचे उंच मनोरे उभे राहिले. ज्यांनी भरावाविरुद्ध आवाज उठविला, त्यांचेच नाव भरावाच्या टोकाला मिळावे, हा मुंबईच्या इतिहासातील एक मौजेचा योगायोग म्हणावयाचा.

परंतु जमीन निर्माण झाली म्हणजे भाड्याचे घर निर्माण होते असे नाही. पूर्वी तसे होत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत जी घरे बांधली जात, त्यांतील बहुसंख्य भाड्याने देण्यासाठीच बांधली जात. गिरगावच्या चाळी घ्या, दादरच्या हिंदू कॉलनीतील इमारती घ्या, अथवा 1930 नंतर मरीन ड्राइव्हवर ओळीने उभ्या राहिलेल्या गोलाकार सज्जांच्या इमारती घ्या. घरमालक एक आणि बिऱ्हाडे अनेक, हीच रीत होती. ‘ब्लॉक’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो याच काळात. सरकारनेही 1920 नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक, भाडे मजुराला जड. त्यामुळे आरंभी त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्याच पडून होत्या. मुंबईत खोल्या रिकाम्या आणि भाडेकरू मिळत नाही, अशी स्थिती कधी काळी होती, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही.

ही रीत बदलली ती कायद्यामुळे, आणि कायदा आला तो लोकांच्या हालांमुळे. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा 1918 मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाने तीच पाळी पुन्हा आणली, आणि 1947 मध्ये मुंबई भाडेनियंत्रण कायदा संमत झाला. सर्वसाधारणपणे 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेले भाडे हेच त्याने ‘प्रमाण भाडे’ ठरविले. मध्यमवर्गाला आणि कामगाराला त्या कायद्याने आधार दिला यात शंका नाही; तो नसता तर गिरगाव-लालबागमधील हजारो कुटुंबे केव्हाच शहराबाहेर फेकली गेली असती. पण तात्पुरते म्हणून आलेले हे औषध अर्धे शतक चालू राहिले. भाडे 1940 चे आणि डागडुजी 1990 ची, हा हिशेब कोणत्या घरमालकाला जमणार? त्याने डागडुजी सोडली, आणि जो नवे घर बांधणार होता त्याने भाड्यासाठी बांधणेच सोडले. मालकीच्या सदनिका विकण्याचा धंदा वाढत गेला, इतका की 1963 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तेव्हापासून मुंबईत नवी इमारत उभी राहते ती विक्रीसाठी. भाडेकरू तेथे येतो तो कोणा एका खरेदीदाराचा पाहुणा म्हणून.

पाहुणा हा शब्द येथे केवळ अलंकार नव्हे. ज्याला आपण व्यवहारात भाडेकरू म्हणतो, तो कायद्याच्या भाषेत बहुधा भाडेकरू नसतोच. तो ‘लायसन्सी’, म्हणजे परवानगीने राहणारा असतो. ही ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट जुन्या कायद्यातून निसटण्यासाठी निघाली. 1973 मध्ये सरकारने ती वाट अडविली व त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे परवान्यावर राहत होते, त्यांना भाडेकरूंचे संरक्षण दिले. ज्यांना ते मिळाले त्यांचे कल्याण झाले. ज्यांना पुढे घर हवे होते त्यांच्यापुढे मात्र दारे बंद झाली. उद्या सरकार पुन्हा असेच करील या धास्तीने कित्येक मालकांनी घर रिकामे ठेवणे पसंत केले. अंधाऱ्या खिडक्यांचे सारे मूळ यातच आहे असे नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेली आणि परदेशस्थांची घरेही त्यांत असतात. पण एकदा बसलेली धास्ती लवकर जात नाही.

1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला, आणि नव्या जागेचा व्यवहार आज त्याच्याच चौकटीत होतो. परवान्याची मुदत संपली की जागा सोडावयाची. न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. हे मालकाच्या बाजूचे झाले. राहणाऱ्याच्या बाजूची तरतूद कमी लोकांना ठाऊक असते. करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसे न झाल्यास, अटी काय ठरल्या होत्या याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’ असे दलाल हमखास म्हणतो. अकरा महिन्यांचा हा मंत्र देशाच्या जुन्या नोंदणी कायद्यातून आला आहे; त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात या युक्तीचा काही उपयोग नाही. मुदत अकरा महिन्यांची असो की अकरा आठवड्यांची, नोंदणी हवीच. तेव्हा नवराबायकोंनी दोन-तीन वर्षांची मुदत मागावी हे बरे. दर वर्षी दलाली आणि दर वर्षी सामानाचा टेम्पो, हे दोन्ही वाचते.

नोंदणीचा खर्च फार असेल ही भीतीही अनाठायी आहे. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क शेकडा पाव टक्का पडते. समजा, महिना 60 हजार रुपये ठरले, मुदत तीन वर्षांची आणि परत मिळणारी अनामत तीन लाख. तीन वर्षांचे भाडे 21 लाख 60 हजार; अनामतीवर दरसाल शेकडा दहाप्रमाणे धरलेले व्याज तीन वर्षांचे 90 हजार; एकूण साडेबावीस लाख. त्याचा पाव टक्का म्हणजे 5 हजार 625 रुपये. महानगरपालिकेच्या हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्या रकमेसाठी तीन लाखांची अनामत साध्या कागदाच्या भरवशावर सोडणे, हा कोणता शहाणपणा? अनामत किती घ्यावी यावर मात्र मुंबईत रिवाजाचेच राज्य चालते. केंद्र सरकारने 2021 मध्ये राज्यांपुढे जो नमुना कायदा ठेवला, त्यात राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. पण नमुना म्हणजे कायदा नव्हे.

येथवरची गोष्ट नव्या-जुन्या सर्व घरांना लागू आहे. नव्या इमारतीचा म्हणून जो खास धोका आहे, तो वेगळाच. आणि शिकलेली माणसेही तेथेच फसतात. इमारत उभी राहिली, रंग लागला, लिफ्ट चालू झाली, म्हणजे ती राहण्यास योग्य झाली असे नव्हे. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे आणि येथे माणसांनी राहण्यास हरकत नाही, असे संबंधित नियोजन अधिकाऱ्याने लिहून द्यावे लागते. या कागदाला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात. दलालांच्या तोंडी तो ‘ओ. सी.’ असतो. ही चौकशी विकत घेणाराने करावी, आपण काय दोन वर्षांचे पाहुणे, असे भाड्याने राहणाऱ्याला वाटते. पण नळाचे पाणी बंद झाले तर ते मालकाच्या पुण्याच्या घरी बंद होत नाही. जो राहतो त्याच्याच मोरीत बंद होते.

याचा दाखला शोधावयास मच्छीमार नगराहून दूर जावे लागत नाही. त्याच कॅप्टन प्रकाश पेठे मार्गावर आदर्श सोसायटीची 31 मजली इमारत उभी राहिली. 2010 च्या सप्टेंबरात तिला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. थोड्याच आठवड्यांत गैरव्यवहाराचा गाजावाजा झाला, प्रमाणपत्र मागे घेण्यात आले, पाणी आणि वीज तोडली गेली, आणि नोव्हेंबरात राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. 2011 च्या जानेवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, किनारा नियमनाची परवानगी नाही या कारणाने, इमारत पाडण्याचा हुकूम दिला. 2016 च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच सांगितले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडण्याला स्थगिती दिली. समुद्राकाठी अमुक अंतरात काय बांधावे आणि काय बांधू नये, याचे नियम 1991 पासून आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशी राहणाऱ्या कोळ्याला आपल्या घरावर मजला चढविताना हे नियम पदोपदी आडवे येतात, आणि शेजारी एकतीस मजले चढेपर्यंत त्यांची कोणाला आठवण होत नाही, हे त्या रस्त्यावरील लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील प्रकार याहून करुण होता. तेथे 1981 ते 1989 या काळात सात इमारती बांधल्या गेल्या. मंजुरी पाच मजल्यांची, आणि एक इमारत वीस मजल्यांवर गेली. वरच्या मजल्यांवर लोक वर्षानुवर्षे राहिले, मुले लहानाची मोठी झाली, आणि 2013 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरविले. 2014 च्या जून महिन्यात त्यांची वीज, पाणी व गॅस तोडण्यात आला. बांधणाराने कधीच हात झटकले होते.

म्हणून त्या तरुण जोडप्याने स्वयंपाकघराच्या फरशीचे कौतुक करण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र पाहावयास मागावे, आणि ते सबंध इमारतीचे आहे की काही मजल्यांचेच, हेही वाचावे. खालच्या दहा मजल्यांना अंशतः प्रमाणपत्र मिळालेले असते, आणि दाखविला जाणारा ब्लॉक असतो चौदाव्यावर! 2017 पासून महारेराकडे प्रकल्पांची नोंदणी होते; मंजूर मजले किती व काम कोठवर आले, हे तिच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते, त्याला पैसे पडत नाहीत. दलाल रागावला तर रागावू द्यावा.

बाकीच्या चौकशा लहान, पण नव्या इमारतीत त्यांचाच काच अधिक होतो. विजेचा मीटर मालकाच्या नावाचा आहे की बांधकामासाठी घेतलेला तात्पुरता? पाणी महापालिकेचे की टँकरचे? गॅसची नळी आली आहे काय? घरावर बँकेचे कर्ज आहे काय, आणि हप्ते थकलेले नाहीत ना? सोसायटी स्थापन झालेली नसेल तर येण्याजाण्याची परवानगी बांधणाराकडून लेखी घ्यावी. झालेली असेल, तर मालक स्वतः राहत नाही म्हणून ती जो आकार घेते, तो सेवाशुल्काच्या शेकडा दहापेक्षा अधिक असू शकत नाही, आणि तो मालकाने भरावयाचा असतो. क्षेत्रफळ विचारताना ‘सुपर बिल्टअप’चा आकडा ऐकूच नये, भिंतींच्या आतले, चटईचे क्षेत्र विचारावे, आणि शक्य तर फीत नेऊन स्वतः मोजावे.

आता अशा चौकशीकडे वळावयाचे, की जी कोणत्याही कागदावर नसते. जागा पसंत पडली, रक्कम ठरली, आणि दलाल हळूच विचारतो, ‘तुम्ही नॉनव्हेज नाही ना?’ घरी ही हकीकत सांगितली की सासू सुनेला म्हणते, ‘बाय, मग तिथं म्हावरं शिजवायचं नाय का?’ उत्तर कोणालाच देता येत नाही. ज्यांच्या जाळ्यांवर हे शहर प्रथम जगले, त्यांच्या सुनेला बोंबील तळण्याची चोरी व्हावी, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नसेल. पण ती घडते, आणि क्वचितच कोणी ती लिहून देतो. मालक आपले घर कोणाला द्यावे हे ठरविण्यास मोकळा आहे, असेच व्यवहारात मानले जाते. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा सोसायटीचा पोटनियम वैध ठरविला. तो निकाल सभासदत्वाचा, भाड्याचा नव्हे. तरी दरवाजे कोणत्या बाजूला झुकले आहेत हे त्यावरून कळते. जोडप्याने हा विषय दलालाच्या आधी आपणच काढावा. अनामत दिल्यानंतर शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यापेक्षा आरंभीच नकार ऐकणे परवडते.

कफ परेडच्या मनोऱ्यांतील भाडी बहुधा त्यांच्या आवाक्याबाहेरच ठरतात. मग नजर वळते ती गिरगाव, लालबाग, परळ, दादर यांकडे. तेथे एक नवा प्रकार पाहावयास मिळतो. जुनी चाळ पाडून नवी इमारत होते, व चाळीतील जुन्या भाडेकरूला तीत मालकीची सदनिका मिळते. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना 2025 च्या ऑगस्टमध्ये अशा सदनिकांच्या चाव्या मिळाल्या. 160 फुटांची खोली जाऊन 500 फुटांचे घर आले. ज्याचे वडील भाडेकरू होते तोच अशा रीतीने घरमालक होतो, आणि मुले दूर राहत असल्यास ती जागा भाड्याने काढतो. मध्यम मिळकतीच्या कुटुंबाला नव्या इमारतीत लहान जागा मिळण्याची आशा आहे ती पुष्कळदा याच दारी. आणि तेथे म्हावऱ्याचा प्रश्नही बहुधा निघत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. पुनर्वसनाची प्रत्येक सदनिका भाड्याने देता येतेच असे नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळालेल्या घरावर ठरावीक वर्षांचे बंधन असते. त्या मुदतीत ते विकता येत नाही की भाड्याने देता येत नाही. तेव्हा सदनिका कोणत्या योजनेतली, हे वाटपाचे पत्र पाहूनच ठरवावे.

2025 च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली, आणि दादर व गिरगाव ही दोन्ही स्थानके त्याच मार्गावर पडली. मुलाच्या कचेरीचा प्रश्न त्यामुळे सुटला. सुनेने सासूच्या धंद्यात हात घालावयाचा ठरविले तर मात्र अडचण आहे. ससून डॉकचा लिलाव उजाडण्यापूर्वीच सुरू होतो, आणि त्या वेळी मेट्रो धावत नाही. अशा घराला दहा फूट अधिक मिळण्यापेक्षा डॉकजवळची चालत जाण्याइतकी जागा मोलाची वाटली तर नवल नाही.

जागा ठरली म्हणजे भाडेकरूची माहिती पोलिसांना कळविणे हे मालकाचे काम. ते झाले की नाही हे विचारून घ्यावे. चावी घेण्याच्या दिवशी, सामान वर चढण्यापूर्वी, दोघांनी मालकासमक्ष रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरावे, प्रत्येक नळ सोडून पाहावा, भिंतींवरील ओल व फुटलेल्या फरश्या यांची नोंद आणि विजेच्या मीटरचा आकडा एका कागदावर लिहावा, आणि त्या कागदावर मालकाची सही घ्यावी.